आमच्या गडग्यावरील कळलावी

शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यन्त झाडाआडून आश्रमकन्यांस पाहतो आणि मनाशीं एक तुलना करतो. तिच्या एका बाजूस उद्यानांतील वेली असतात व दुसऱ्या बाजूस रानांतील. आणि स्वतः राजा असूनही तो आपला कौल रानवेलींस देतो. शाळेंत हा भाग शिकवितांना मुलांनीं त्यांतील अलंकार ओळखला कीं आपलें काम झालें असें शिक्षक समजतो. परंतु नोकरींतून निवृत्त होऊन परसांत हिंडूं लागलें म्हणजे त्या तुलनेंत अलंकारापलीकडे एक साधें व्यवहाराचें सत्यही आहे हें दिसूं लागतें. बागेंतल्या वेलीस माळी लागतो. रानांतलीस लागत नाहीं. ज्याच्या कमरेंत पूर्वींचें बळ उरलेलें नाहीं आणि ज्याच्या निवृत्तिवेतनांतून माळ्याचा पगार निघण्यासारखा नाहीं, अशा गृहस्थास हा भेद काव्यांतील पुष्कळ भेदांहून महत्त्वाचा वाटतो.

अलीकडे मध्यम स्थितींतील घरांतून बागेची हौस वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ही हौस बहुधा रोपवाटिकेच्या दारानें घरांत येते. कुंडींतील रोपें फुललेलींच विकत मिळतात. तीं कोठल्या देशचीं, कोणत्या हवेंत वाढणारीं, याची विचारपूस कोणी करीत नाहीं. चार महिने तीं शोभतात, मग पाणी कमी पडलें म्हणून अथवा अधिक झालें म्हणून मरतात, आणि पुन्हां नवीं आणावीं लागतात. त्यांतील कित्येकांचीं फुलें दुहेरी पाकळ्यांचीं असतात. पाकळ्या वाढविण्याच्या नादांत माणसानें त्यांच्या पुंकेसरांच्याच पाकळ्या करून टाकलेल्या असतात. त्यामुळें मधमाशीस तेथें पराग मिळावयाचे कोठून? फूल माणसाकडे पाहून हंसतें आणि माशीस विन्मुख परत पाठवितें. अशी बाग पाहावयास सुंदर असते, पण तिच्यांत गुणगुण नसते. आणि जिच्यांत गुणगुण नाहीं ती बाग, आमच्या मतें, भिंतीवरील तसबिरींतल्या बागेहून फारशी निराळी नव्हे.

आम्ही जी हकीकत सांगणार आहों ती याच्या अगदीं उलट प्रकारच्या बागेची आहे. तिला बाग म्हणावें कीं नाहीं याविषयीं आमच्या घरांत अद्यापि एकमत झालेलें नाहीं. आमचें घर रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेडेगांवीं आहे. घरामागें परस, परसाच्या शेवटीं जांभ्या दगडांचा जुना गडगा, आणि गडग्यापलीकडे आमच्या चुलतबंधूंचें आगर. गडग्याच्या कडेनें निर्गुडी, अडुळसा, रुई, भारंगी हीं झाडें आपलीं आपण उगवलेलीं आहेत, आणि त्यांच्या आधारानें दर पावसाळ्यांत जी वर चढते ती कळलावी. हिला कोणी लावलें नाहीं, कोणी खत घातलें नाहीं, उन्हाळ्यांत कोणी पाण्याचा तांब्याही दाखविला नाहीं. आमच्या वडिलांच्या वेळींही ती तेथेंच होती.

पावसाळ्यांत कोंकणांत अगर घाटमाथ्यावर जो हिंडला आहे त्यास कळलावीची ओळख करून द्यावयास नको. इतरांसाठीं थोडक्यांत सांगतों. ज्येष्ठाच्या अखेरीस पहिले चार पाऊस पडले कीं जमिनींतून बोटाएवढा हिरवा कोंब वर येतो. त्यास लांबट, देंठावांचून बसलेलीं पानें फुटतात, आणि प्रत्येक पानाचें टोंक निमुळतें होत होत तारेसारखें बारीक होऊन वेटोळें घेतें. काकडीच्या वेलीप्रमाणें हिला निराळे तणावे नसतात. पानाचें टोंकच हाताचें काम करतें. त्या हातांनीं शेजारच्या झाडास धरीत धरीत ती पुरुषभर, क्वचित् दोन पुरुष उंच जाते. श्रावण लागला कीं फुलें येतात. फुलास नागमोडी कडांच्या सहा पाकळ्या असतात, आणि त्या मागें वळून वर उभ्या राहतात. जणूं कोणी फूल उलटें टांगलें आहे. रंग प्रथम हिरवट, मग बुडाशीं पिवळा व टोंकाशीं तांबडा, आणि शेवटीं सबंध फूल लालभडक. एकाच वेलीवर एकाच वेळीं या सर्व अवस्था दिसतात. वारा सुटला म्हणजे निर्गुडीच्या करड्या पानांत जाळ पेटल्यासारखें वाटतें. आपल्या पूर्वजांनीं हिला अग्निशिखा म्हटलें तें डोळ्यांनीं पाहून म्हटलें.

हिचीं संस्कृत नांवें पुष्कळ आहेत. लांगली आणि हलिनी हीं नांवें कंदावरून पडलीं. हिचा कंद दोन बाहूंचा, कोनांत वळलेला असतो. आणि लांगल म्हणजे नांगर, हल म्हणजेही नांगरच. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यानें १७५३ सालीं हिला ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ हें लॅटिन नांव दिलें. कीर्तिमती आणि भव्या असा त्याचा अर्थ होतो. आपला देश आणि आफ्रिका खंड या दोन्ही ठिकाणची ती मूळची रहिवासी आहे. तमिळनाडूनें तिला आपलें राज्यपुष्प मानलें आहे, तर आफ्रिकेंतील झिंबाब्वे देशानें राष्ट्रीय पुष्प. अशा मानाच्या फुलास आम्हां महाराष्ट्रीयांनीं मात्र नांव ठेविलें कळलावी! कळ म्हणजे वेदना, आणि कळ म्हणजे भांडणही. पूर्वीं अडलेल्या बाळंतिणीस कळा याव्या म्हणून सुइणी हिचा कंद उगाळून अंगास लावीत, त्यावरून हें नांव पडलें असें जाणते लोक सांगतात. पण लोकांच्या मनांत बसला तो दुसरा अर्थ. हिचें फूल अगर मूळ घरांत आणलें कीं त्या घरांत भांडण जुंपतें, ही समजूत आमच्याकडे फार जुनी आहे.

आमच्या कुटुंबाचें मन या वेलीविषयीं पहिल्यापासून साफ नाहीं. “दुरून काय पाहायचें तें पाहा, पण एक पाकळी उंबऱ्याच्या आंत येतां कामा नये,” अशी त्यांची ताकीद असते. एकदां आम्ही त्यांस सांगितलें कीं, संस्कृतांत हिला कलिहारी असेंही म्हणतात. कलि म्हणजे भांडण आणि हारी म्हणजे हरण करणारी, तेव्हां भांडण नाहींसें करणारी असाही अर्थ लावतां येईल. त्यावर त्या म्हणाल्या, “तुमच्या संस्कृतांत ती भांडण नेत असेल, मराठींत लावते. आणि या घरांत आपण मराठी बोलतों.” या उत्तरावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

पुढें तीन वर्षांपूर्वीं खरोखरच भांडणाचा प्रसंग आला. तो फुलामुळें नव्हे, तर फूल ज्या गडग्यावर वाढतें त्या गडग्यामुळें. पलीकडचे चुलतबंधु एके दिवशीं येऊन म्हणाले, “दादा, हा गडगा काढून टाकूं या. दोघांत मिळून सिमेंटची भिंत घालूं. कडेचें हें सारें रान तणनाशक मारून साफ करवून घेतों. गडी सांगून ठेवला आहे.” त्यांचीं कारणें खोटीं नव्हतीं. गडग्याच्या सांदींत साप राहतात. सुट्टींत मुंबईहून नातवंडें येतात, तीं दिवसभर आगरांत खेळतात. शिवाय दरवर्षीं पावसांत चार दगड ढांसळतात, ते पुन्हां रचावे लागतात. जमिनीच्या शिंवेवरून भाऊबंदांचे दावे कोर्टांत पिढ्यान्‌पिढ्या कसे चालतात हें आमच्या जिल्ह्यांत कोणास शिकवावयास नको. म्हणून आम्हीं तत्काळ हो अगर नाहीं न म्हणतां आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

त्या आठ दिवसांत घरांतही हा विषय निघाला. आणि आमची अपेक्षा होती त्यापेक्षां वेगळ्या बाजूनें निघाला. आमच्या सूनबाईंनीं औषधनिर्माणशास्त्राचा अभ्यास केला आहे. त्या भांडणाच्या समजुतीस हंसल्या, पण पुढें म्हणाल्या, “अण्णा, आईंचें कारण मला पटत नाहीं, पण त्यांचें म्हणणें पटतें. घरांत चार वर्षांचें मूल आहे आणि गडग्यावर कोल्चिसीन आहे.” त्यांनीं जें सांगितलें तें आम्ही येथें मुद्दाम सविस्तर देतों, कारण ज्यास हें ठाऊक नाहीं त्यानें कळलावी लावूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे.

कळलावीच्या सर्व अंगांत विष आहे. कंदांत व बियांत तें विशेष. त्या विषाचें नांव कोल्चिसीन. हेंच द्रव्य अत्यल्प प्रमाणांत वातरक्तावर डॉक्टर औषध म्हणून देतात, आणि कळलावीच्या बियांस बाजारांत भाव येतो तो त्यामुळेंच. पण प्रमाण ओलांडलें कीं तें घातक होतें. खाल्ल्यावर कांहीं तास कांहींच झालें नाहीं असें वाटतें. मग ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात, आणि त्यानंतर मूत्रपिंडें व हाडांतील मगज यांवर परिणाम होतो. यावर सहज मिळण्यासारखा उतारा नाहीं. शंका येतांच रुग्णालय गांठणें हाच उपाय. श्रीलंकेंत हा कंद खाण्याजोगा समजून लोकांनीं खाल्ल्याचे व त्यांत दगावल्याचे प्रसंग नमूद आहेत. आमच्या कोंकणांत करांदे, कणगी, रताळीं आवडीनें खाणारीं घरें किती आहेत हें सांगावयास नको. म्हणून घरगुती औषध म्हणून, बाळंतपणासाठीं म्हणून, किंवा कोणत्याही निमित्तानें हा कंद उगाळण्याचे दिवस संपले आहेत असें समजावें.

आम्हीं आपली बाजू मांडली. भावप्रकाशांत सात उपविषें सांगितलीं आहेत. त्यांत लांगलीबरोबर रुई, कण्हेर, धोत्रा आणि गुंज हींही आहेत. रुईचीं पानें आपण मारुतीस वाहतों, कण्हेर देवळाच्या अंगणांत लावतों, धोत्र्याचें फूल शंकरास चालतें. विष आहे एवढ्यानें झाड घराबाहेर घालवावयाचें तर देवपूजाच अडेल. सूनबाई शांतपणें म्हणाल्या, “कण्हेरीचें मूळ रताळ्यासारखें दिसत नाहीं, अण्णा.” वाद तेथें संपला, आणि वाद संपला म्हणजेच व्यवस्था करतां येते. पुढें घरांत जे नियम ठरले ते असे. वेल गडग्यावरच राहावी. जेथें रताळीं, सुरण वगैरे लावतात त्या वाफ्यांजवळ तिचा कंद कधींही नसावा. बोंडें पिकून उकलण्यापूर्वीं काढावीं, कारण आंतील शेंदरी बिया मुलांच्या डोळ्यांत भरतात. कंदाचें अगर बियांचें काम हातमोजे घालून करावें व मागाहून हात धुवावे. वाळलेली वेल गुरांच्या चाऱ्यांत पडूं देऊं नये. आणि शेवटचा नियम आम्हीं घातला: वेल मुलांपासून लपवूं नये, ती त्यांस दाखवावी. पस्तीस वर्षें मुलांत काढल्यावर एवढें कळतें कीं, जी वस्तु लपविली जाते तिच्याकडे मूल आधीं धांव घेतें; आणि जिचें नांव, रूप व स्वभाव त्यास सांगितला जातो तिच्याशीं तें शहाणपणानें वागूं शकतें. मूल अगदीं लहान असेतों मात्र मोठ्या माणसाची नजर हाच एक नियम.

इतका खटाटोप करून ही वेल ठेवावयाची कशाला, असें वाचक विचारतील. चुलतबंधूंनींही तेंच विचारलें. त्याचें उत्तर देण्यासाठीं आम्हीं त्यांस श्रावणांत एका सकाळीं, पाऊस उघडला असतां, गडग्याजवळ नेऊन उभें केलें. भारंगीच्या फिक्या निळ्या फुलांवर सातेरी मधमाशा होत्या. रुईवर मोठा काळा भुंगा घुमत होता. संस्कृत कवींनीं ज्या भ्रमराचें इतकें कौतुक केलें आहे तो हाच असावा असें आम्हांस वाटतें. तो पोळें बांधीत नाहीं. वाळलेलें लांकूड अगर बांबू कोरून त्यांत घर करतो, आणि म्हणून बागेंत एखादा वाळका ओंडका पडूं देणें हेंही आतिथ्यच आहे. रुईचे पराग इतर फुलांप्रमाणें भुकटीसारखे नसतात. त्यांच्या लहानशा पुड्या असतात आणि त्या कीटकाच्या पायास अडकून जातात. त्या ओढून नेण्यास असा दांडगा पाहुणाच लागतो.

कळलावीच्या फुलाची रचना याहूनही नवलाची आहे. तिचे सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांप्रमाणें बाहेर पसरलेले असतात, आणि स्त्रीकेसर बुडाशींच काटकोनांत वळून एका बाजूस लांब गेलेला असतो. मध मात्र पाकळीच्या बुडाशीं. लहान माशी बुडाशीं बसून मध पिऊं लागली तर ना पुंकेसरास तिचा स्पर्श, ना स्त्रीकेसरास. पण मोठें फुलपांखरूं पंख फडफडवीत मध घेऊं लागलें, अथवा शिंजीर पक्षी आला, म्हणजे त्याच्या पंखांस व अंगास पराग लागतात आणि पुढच्या फुलावर पोंचतात. दार मोठ्या पाहुण्याच्या मापाचें केलेलें आहे. तमिळनाडूंत दिंडुक्कल, करूर, तिरुप्पूर या भागांत औषधी बियांसाठीं कळलावीची शेती करतात. तेथें फुलें आलीं म्हणजे सकाळच्या प्रहरीं माणसें फुलाफुलापाशीं जाऊन पुंकेसर हातानें स्त्रीकेसरास लावतात. तसें न केलें तर बीं पुरेसें धरत नाहीं. शेतांत माणसाला जें काम हातानें करावें लागतें तें आमच्या गडग्यावर पांखरें व फुलपांखरें विनावेतन करतात. मात्र त्यांस राहावयास जागा पाहिजे, आणि बारा महिने कांहींतरी खावयास पाहिजे.

चुलतबंधु व्यवहारी गृहस्थ आहेत. फुलाचें नवल ऐकून ते म्हणाले, “तें सारें खरें, पण मला त्याचें काय?” आम्हीं त्यांच्या मांडवाकडे बोट दाखविलें. काकडी, कारलीं, भोपळा, पडवळ, दुधी या सर्व वेलींस नर-फुलें वेगळीं व मादी-फुलें वेगळीं. पराग एकीवरून दुसरीवर कोणी नेला नाहीं तर लहानसें फळ पिवळें पडून गळून जातें, आणि आपण म्हणतों, यंदा रोग पडला. त्यांतही पडवळाचीं व दुधीचीं पांढरीं फुलें तिन्हीसांजेस उमलतात. त्यांच्याकडे रात्रीचे पतंग येतात, आणि ते दिवसा याच झुडुपांत दडून बसलेले असतात. कडेचें रान जाळून टाकावयाचें आणि मांडवाखालीं फळांची वाट पाहत बसावयाचें, हा व्यवहार जमत नाहीं.

ते लगेच पटले असें नाहीं. पण दोघांस मान्य होईल असा तोडगा निघाला. जेथें मुलें खेळतात त्या बाजूस, घराजवळ, सुमारें वीस हात गडगा काढून भिंत झाली; तिचा खर्च निम्मानिम. उरलेला गडगा तसाच राहिला, त्याच्या दोन्ही बाजूंस चालावयापुरती जागा बेणून मोकळी ठेवली, आणि तणनाशक कोणीही मारावयाचें नाहीं असें ठरलें. साप आजही गडग्यांत आहेत. रात्रीं तिकडे विजेरीशिवाय जावयाचें नाहीं हा नियमही आहे. आमच्या कुटुंबाचें म्हणणें असें कीं, भांडण लागलें नाहीं तें वेल उंबऱ्याबाहेर राहिली म्हणून. आम्ही यावर वाद घालीत नाहीं.

आतां ज्यांस आपल्या अंगणांत ही वेल लावावयाची असेल त्यांच्यासाठीं चार शब्द. पहिली गोष्ट ही कीं, रानांतून कंद उपटून आणूं नये. औषधासाठीं कंद व बिया गोळा करणाऱ्यांमुळें कळलावी पुष्कळ ठिकाणीं विरळ झाली आहे. आपल्या हौसेनें तींत भर घालूं नये. चांगल्या रोपवाटिकेंतून अथवा ज्याच्या आवारांत ती भरपूर आहे अशा स्नेह्याकडून कंद घ्यावा. वैशाखांत, पाऊस सुरू होण्यापूर्वीं, तो आडवा ठेवून सुमारें तीन इंच खोल पुरावा. कंदाच्या प्रत्येक बाहूच्या टोंकास एकच डोळा असतो. तो मोडला तर त्या बाहूस कोंब येत नाहीं, म्हणून कंद अंड्यासारखा जपून हाताळावा. पाणी तुंबणारी जागा तिला मानवत नाहीं. आमच्या तांबड्या मातींत पाणी आपोआप निघून जातें. देशावरील काळ्या जमिनींत मात्र वाळू व खडी मिसळून थोडा उंचवटा करावा लागेल. पायाशीं सांवली, डोक्यास ऊन आणि चढावयास एखादें झुडूप, एवढें मिळालें म्हणजे तिचें मागणें संपलें. बियांपासूनही ती होते, पण फूल दिसावयास तीन-चार वर्षें जातात. ज्यांस घाई नाहीं त्यांनीं तो मार्ग घ्यावा.

पावसाळ्यांत तिच्या पानांवर काळ्या रंगाच्या, तांबडे-पांढरे ठिपके असलेल्या अळ्या दिसतात. त्या पाहून कोणी औषधाचा पंप बाहेर काढूं नये. ही एका पतंगाची अळी आहे आणि तिचें शास्त्रीय नांवच मुळीं कळलावीवरून पडलें आहे: पॉलिटेला ग्लोरिओसी. ज्या विषास आपण भितों तें पान ती खुशाल खाते. पानें थोडींफार गेलीं तरी कंद जमिनींत सुरक्षित असतो. फारच झाल्या तर कांहीं काडीनें उचलून दूर टाकाव्या. गडग्यावर औषध मारलें तर अळीबरोबर फुलपांखरूंही जावयाचें, हें ध्यानांत ठेवावें.

एकटी कळलावी मात्र पुरेशी नाहीं. तिचीं फुलें श्रावण-भाद्रपदाचीं. इतर महिन्यांत पाहुण्यांनीं काय खावें? म्हणून तिच्या जोडीस आपापल्या भागांतलीं झाडें असूं द्यावीं. आमच्याकडे पावसाळ्यांत भारंगी व निर्गुडी, मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत अडुळसा, रुई जवळजवळ बारा महिने, आणि वृंदावनांतील तुळशीच्या मंजिऱ्या. पपनसाचें एक झाड आहे. त्याचीं पानें खाऊन जें मोठें काळें-निळें फुलपांखरूं वाढतें त्यास २०१५ सालीं महाराष्ट्र सरकारनें राज्याचें फुलपांखरूं ठरविलें. या सर्वांची मिळून मेहनत किती? पावसाळा संपल्यावर निर्गुडी एकदां छाटणें, आणि वर्षांतून दोनदां रानमोडी व घाणेरी यांचीं रोपें मुळासकट उपटणें. हीं दोन्ही झाडें अमेरिका खंडांतून आलेलीं असून मोकळें सोडलें तर इतरांस जगूं देत नाहींत. तेव्हां या बागेस कांहींच करावें लागत नाहीं असें नव्हे; पण जें करावें लागतें त्यापेक्षां जें करावयाचें नाहीं त्याची यादी मोठी आहे, आणि उत्साही माणसास तीच अधिक जड जाते.

कार्तिक संपतां संपतां कळलावी वाळते. पानें पिवळीं पडतात, वेल गळून पडते आणि गडगा उघडा दिसूं लागतो. पण याच महिन्यांपर्यंत जुना कंद आपलें सर्व बळ खर्चून विरून गेलेला असतो आणि त्याच्या जागीं नवा नांगर तयार झालेला असतो. पाहुणे येतात, परसांत फेरी मारतात आणि विचारतात, “तुमची ती प्रसिद्ध बाग कोणती?” आम्ही बोट दाखवितों तेथें त्यांस चार दगड, थोडा पाला आणि एक वाळका ओंडका दिसतो. आमचा नातू आतां सात वर्षांचा आहे. मागल्या हिंवाळ्यांत एका पाहुण्यांस त्यानेंच तेथून हात धरून बाजूस घेतलें आणि बजावून सांगितलें, “काका, इथें पाय देऊं नका. खालीं कळलावी निजली आहे. आणि तिचा कंद खायचा नसतो.”